सापडू नये म्हणून केलेला शोध

नागपूरच्या मे महिन्याबद्दल प्रेमानं बोलणारा माणूस मला माझ्याशिवाय अजून भेटलेला नाही. पुण्या-मुंबईचे लोक "कसं हो राहता तिथं उन्हाळ्यात?" असं कीव करून विचारतात. त्यांना काय सांगणार? ऐंशीच्या दशकातल्या एका मे महिन्यात, कूलरसमोर सतरंजी टाकून, मी आणि माझी बायको रोज दुपारी एका जाडजूड पुस्तकावरून कागदाची पट्टी सरकवत बसायचो, आणि त्याहून सुखाचे दिवस मला पुढं कधी मिळाले नाहीत. तेव्हा तिला रक्ताचा कॅन्सर होता. हे ऐकलं की समोरचा चपापतो आणि या म्हाताऱ्याला सुख म्हणजे काय ते कळत नसावं असं धरून चालतो. मला ते चांगलं कळतं. तो एक महिना परत मिळणार असेल तर मी काय वाटेल ते द्यायला तयार आहे.

मी एका कॉलेजात गणित शिकवायचो. स्वभाव तापट. फळ्यावर कोणी उदाहरण चुकवलं की खडू फेकायचो. माझा नेम वाईट होता म्हणून नोकरी टिकली. ती बायोकेमिस्ट्री शिकवायची. आमच्या दोघांच्याही घरांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली. माझे वडील खापरखेड्याच्या पावरहाऊसात बॉयलरवर, तिचे वडील धान्यबाजारात मापाडी, म्हणजे दिवसभर पोत्यांची वजनं करणारे. बाजार कळमन्याला गेला तसे तेही सायकल हाणत कळमन्याला जाऊ लागले. मुलीला शिकवायचं, एवढी एकच हौस त्यांनी आयुष्यात केली. लग्नात तिनं पांढरी साडी नेसली होती आणि माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर वरणाचा डाग पडला होता. त्या डागावरून ती मला पुढं कित्येक वर्षं चिडवत राहिली. मी चिडायचो आणि ती हसायची, असा आमचा संसार होता.

तिचा आजार तिनंच शोधून काढला. विद्यार्थ्यांना रक्ताची काच करायला शिकवताना शिक्षकानं स्वतःचं बोट टोचायचं, अशी त्यांच्या विभागात पद्धत होती. शिक्षक म्हणजे निरोगी माणसाचा नमुना. दरवर्षीप्रमाणे तिनं बोट टोचलं, थेंब काचेवर पसरवला, रंगवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. पाहते तर पांढऱ्या पेशींची जत्रा. रंग जुना झाला असेल म्हणून तिनं दुसरी काच केली. मग विद्यार्थ्यांना लवकर घरी सोडलं.

संध्याकाळी घरी येऊन चपला काढता काढता ती म्हणाली, "अजी, आता निरोगी माणूस म्हणून मले वापरता येणार नाही." मला वाटलं, नेहमीची थट्टा. मी हसलोसुद्धा. मग तिच्या तोंडाकडे पाहिलं.

डॉक्टरांनी सांगितलं ते साधारण असं होतं. हा सावकाश चालणारा प्रकार आहे. गोळ्यांनी पेशी आटोक्यात राहतील, तीन वर्षं, चार वर्षं, एखाद्याला जास्त. त्या काळात ती नोकरी करू शकेल, स्वयंपाक करू शकेल, कोणाला कळणारही नाही. मग एक दिवस आजार उलटेल, आणि उलटला की गोळ्यांना दाद देणार नाही. मी डॉक्टरांवर आवाज चढवला. तीन की चार, नक्की सांगा, हे काय उत्तर झालं, असं काहीबाही बोललो. तिनं माझ्या बाहीला धरून मला बाहेर आणलं आणि रस्त्यावर म्हणाली, "त्यायले काहून बोलता? त्यायनं काय मुद्दाम केलं?" आणि मग, "बाबाले आताच सांगू नका."

त्या वर्षांत तिच्या शास्त्रात एक नवी आशा पालवत होती. कॅन्सरला विष घालून मारण्याऐवजी शरीराचेच पहारेकरी त्याच्या अंगावर सोडता येतील का, यावर ठिकठिकाणी काम चालू होतं. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तिनं मला समजावलं ते तिच्या बापाच्या धंद्यावरून.

"बाजारात हजार पोती पडून असतात," ती म्हणाली. "सगळी तागाची, सगळी सारखीच. मंग कोणाचं कोणतं, हे बाबा कसं ओळखतात?"

"खुणेवरून." हे मला माहीत होतं. प्रत्येक अडत्या आपल्या पोत्यावर आपल्या रंगाची खूण करतो.

"तसंच आहे. रोगाच्या पेशीवर एखादी खूण असन, दुसऱ्या कोणत्याच पेशीवर नसणारी, तं ती शोधून काढाची. मंग शरीराच्या पहारेकऱ्याले दाखवाची, का बाबू, एवढं उचल आणि बाकीच्याले हात लावू नको."

"आणि तीच खूण चांगल्या पोत्यावरही निघाली तर?"

"तं मंग पहारेकरी आपलाच माल बाहेर फेकन."

एवढंच ते शास्त्र. पुढं मी त्यावरची बरीच जड पुस्तकं वाचली, पण याहून जास्त काही मला समजलं असं वाटत नाही.

तिनं काम सुरू केलं. शिकवून झाल्यावर, संध्याकाळपर्यंत. निरोगी माणसांचं रक्त हवं होतं. ते पावसाळ्यात विभागातल्या लोकांनी दिलं, मीही दिलं, आणि त्यातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या करून त्यांच्या वरच्या आवरणाचा अर्क काढायचं काम तिच्या सहकारी मैत्रिणीनं केलं. रोगाचं रक्त मात्र तिचं स्वतःचं होतं आणि ते तिनं दुसऱ्या कोणाच्या हाती दिलं नाही. "माझं रक्त मीच पाहीन" म्हणाली. डिसेंबर उजाडला होता. नागपूरची थंडी कोरडी, ओठ आणि टाचा फोडणारी. त्यांच्या प्रयोगशाळेत रबरी हातमोजे धुऊन, खिडकीतल्या दोरीवर चिमटे लावून वाळवायचे आणि पावडर मारून पुन्हा वापरायचे. त्या पावडरीनं तिच्या बोटांना खाज सुटायची. म्हणून ती साबणानं हात घासघासून धुवायची आणि उघड्या हातांनी काम करायची. स्वच्छ धुतलेल्या हातासारखा हातमोजा नाही, असं तिथं पुष्कळजण म्हणत. रात्री ती तळव्यांना खोबरेल तेल चोळायची आणि माझ्या गालावर हात फिरवून म्हणायची, "पाहा, घासणी झाली." मला ती घासणी फार आवडायची. हे मी तिला तेव्हा सांगायला पाहिजे होतं असं नाही. मी सांगितलंच होतं, बऱ्याचदा.

मग एक दिवस ती धावतच घरी आली. जेलीच्या पातळ थरातून विजेच्या जोरावर प्रथिनं पळवली की ती आपापल्या वजनाप्रमाणे मागं-पुढं थांबतात, आणि रंग दिला की त्यांच्या निळ्या रेघा दिसतात. निरोगी रक्तांच्या रांगेत नसलेली एक रेघ तिच्या रक्तात होती. बारीक, पण होती. तिनं मला दुसऱ्या दिवशी नेऊन दाखवली. मी ती रेघ पाहून काय म्हणावं? "छान आहे" म्हणालो. ती म्हणाली, "छान काय त्यात, कॅन्सर आहे थो." आणि आम्ही दोघं तिथंच उभ्या उभ्या हसत सुटलो.

ती रेघ कापून हैदराबादच्या एका मोठ्या संस्थेत पाठवली. तिथं प्रथिनाची माळ मणी मणी वाचणारं यंत्र होतं. एप्रिलमध्ये उत्तर आलं: विसेक इंग्रजी अक्षरं, एकापाठोपाठ एक. प्रत्येक अक्षर म्हणजे माळेतला एक मणी. त्यांचा उच्चार होत नव्हता, अर्थ लागत नव्हता. पण तिच्या आजाराची खूण म्हणून कोणी मला काही लिहून दिलं असेल तर ते हेच होतं. मी ती अक्षरं पाढ्यासारखी पाठ केली.

आता प्रश्न असा, की ही माळ जगात आणखी कुठं आहे का? तोवर वाचल्या गेलेल्या सगळ्या प्रथिनांचं एक जाड पुस्तक होतं. माणसाचं रक्त, बैलाचं आतडं, साप, यीस्ट, सगळ्यांच्या माळा त्यात पानोपानी छापलेल्या. ते ग्रंथालयाबाहेर न्यायला बंदी होती, पण सुट्टीपुरतं तिनं ते मिळवलं. आणि आमचा मे महिना सुरू झाला.

पद्धत मी ठरवली. आलेखाच्या कागदाची लांब पट्टी कापली आणि तिच्या घरांत ती अक्षरं मांडली. त्यात एक अक्षर असं होतं की ते प्रथिनांत फारसं येत नाही. आधी पानावर ते दुर्मीळ अक्षर शोधायचं, मग पट्टी त्याच्याखाली धरायची आणि मागची-पुढची अक्षरं जुळतात का पाहायचं. ती बोट ठेवून ओळ वाचत जायची, अक्षर आलं की "थांबा" म्हणायची, आणि मी पट्टी लावायचो. कूलरच्या वाळ्याचा ओला वास, पुस्तकाच्या पानांना आलेला दमटपणा, बाहेर पांढरं ऊन. मध्येच ती पन्हं करायची. माझ्या वाट्याचंही प्यायची.

पहिल्याच दिवशी मी म्हणालो, "लवकर सापडलं पाहिजे." तिनं पुस्तक मिटलं.

"अजी, सापडाचं नाही आहे. सापडलं तं बोंबलली गोष्ट. सापडलं म्हणजे ते शरीरात दुसरीकडंही आहे. न सापडलं तं ते फक्त रोगाचं."

मी जन्मभर मुलांना शोधायला शिकवलं. काहीतरी सापडू नये म्हणून इतकं मन लावून शोधायचं, हे माझ्यासाठी नवीन होतं. प्रत्येक "थांबा"ला पट्टी लावायची, दोन अक्षरं जुळायची, तिसरं नाही, आणि मी सुटकेचा श्वास सोडायचो. एकदा मेंढीच्या लोकरीच्या पानावर बरीच अक्षरं जुळत गेली आणि मग तुटली. मी घामाघूम झालो. ती म्हणाली, "मेंढी आहे थे, सोडा तिले." आणि पान उलटलं.

महिनाअखेरीस शेवटचं पान संपलं. माळ कुठंही नव्हती. तिनं पुस्तक मांडीवर तसंच ठेवलं. मग म्हणाली, "चला, रस पाजा." आम्ही ऊन उतरल्यावर चौकातल्या रसवंतीवर गेलो. चरकाच्या घुंगरांच्या आवाजात ती पुढचे बेत सांगत होती: ही माळ सशाला टोचायची, सशाच्या रक्तात तिच्याविरुद्धचे पहारेकरी तयार होतील, ते वेगळे काढायचे, रोगाच्या पेशींवर सोडून पाहायचे. किती वर्षं लागतील, मी विचारलं. "मले पुरतीन तेवढीच," ती म्हणाली. तिनं दोन पेले रस प्यायला आणि आल्याचा तुकडा चावून तोंड वाकडं केलं. मला त्या क्षणी खात्री होती की ती जगणार. इतकी खात्री मला पुढं कशाचीच वाटली नाही.

जूनमध्ये तिच्या विभागप्रमुखांनी थंडपणे सांगितलं की ते पुस्तक बरंच जुनं आहे. मधल्या वर्षांत किती तरी नव्या माळा वाचल्या गेल्यात आणि आता त्या कॉम्प्युटरच्या टेपवर मिळतात. टेपवर तपासल्याशिवाय कुठं काही छापायला पाठवू नका. मी त्यांना घरी येऊन कुजकट म्हणालो, मत्सरी म्हणालो. ती म्हणाली, "बरोबरच आहे त्यायचं." आणि मुंबईच्या एका संस्थेला पत्र लिहून तिनं टेपची प्रत मागवली. ती यायला दिवाळी उजाडली.

शहरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर होता. तिथला ऑपरेटर माझा जुना विद्यार्थी. रविवारी तो आम्हाला यंत्र वापरू द्यायचा. प्रोग्रॅम मी लिहिला. करायचं तेच होतं, दुर्मीळ अक्षर शोधा, पट्टी लावा, मागं-पुढं पाहा. फक्त आता पट्टी सरकवणारा मी नव्हतो. त्या खोलीत यंत्रासाठी एसी होता. ती स्वेटर घालून कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायची. दर थोड्या वेळानं लाइट जायची आणि सगळं पहिल्यापासून करावं लागायचं. मी वीज मंडळाच्या नावानं खडे फोडायचो, तर ती ऑपरेटरला म्हणायची, "पावरहाऊसवाल्याचा पोरगा आहे, आणि त्याच्याच घरी अंधार." असे तीन-चार रविवार गेले. टेप अर्ध्यावर जायची आणि लाइट जायची.

ज्या रविवारी टेप पुरती फिरली, त्या रविवारी ती आली नव्हती. थकवा होता, आणि तिचे वडील येणार होते. त्यांना आम्ही उन्हाळ्यानंतर सगळं सांगितलं होतं. दुपारी छपाईयंत्र खडखडलं. मी जवळ गेलो. एक ओळ उमटली होती. आमची विसेक अक्षरं वर, टेपवरची खाली, आणि मध्ये प्रत्येक अक्षराखाली एक उभी रेघ. एकही सुटलं नव्हतं. शेजारी प्रथिनाचं नाव होतं, ते मला कळलं नाही. त्यापुढं लिहिलं होतं: माणूस, त्वचा.

स्कूटर मी कशी चालवली आठवत नाही. ती पाटावर बसून मेथी निवडत होती, तिचे वडील खुर्चीत. मी कागद पुढं केला. तिनं हात साडीला पुसले, कागद घेतला, वाचला, परत वाचला. मग कागद खाली ठेवून तिनं स्वतःचे तळवे उलटे-सुलटे करून पाहिले.

"अजी," ती म्हणाली, "हे तं माझे हात आहेत."

मला कळेना. तिनंच मग सावकाश सांगितलं. हे कातडीतलं प्रथिन. डिसेंबरात तिचे हात फुटले होते, आणि उघड्या हातांनी काम करताना त्यांच्या न दिसणाऱ्या कपच्या अर्कात पडत होत्या. निरोगी रक्तांचं काम मैत्रिणीनं पावसाळ्यात केलेलं, हातमोजे घालून. म्हणून त्यांच्यात ती रेघ नव्हती. जुन्या पुस्तकात मेंढीची लोकर होती, पण माणसाची कातडी तोवर कोणी वाचलेली नव्हती. मेंढीवर जवळजवळ जुळलं होतं ते उगाच नाही, लोकर आणि कातडी एकाच घराण्यातली.

"कॅन्सर नाही सापडला," ती म्हणाली. "मी सापडली."

मी ओरडलो. हातमोज्यांवर, पावडरीवर, थंडीवर, त्या टेपवर. तिचे वडील उठून उभे राहिले. आणि ती हसू लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते थांबेना, आणि मग ते हसणं राहिलं नाही. मी मेथीच्या काड्यांवरच बसलो आणि तिचे हात धरून ठेवले. तेच खरखरीत हात. महिनाभर मी ज्यांच्यावरून पट्टी सरकवत होतो ते हेच. मला फार राग आला होता आणि फार प्रेम वाटत होतं, आणि दोन्ही तिच्यावरच.

बऱ्याच वेळानं नाक पुसून ती म्हणाली, "बरं झालं सापडलं. नाही तं आपण शरीराले सांगितलं असतं का माझं कातडं सोलून काढ म्हणून."

तिच्या वडिलांनी विचारलं, "जवाईबापू, मंग आता पुन्हा मोजाचं का?" मापाडी माणूस. माप चुकलं की पुन्हा काटा लावायचा, एवढंच त्यांना माहीत. पण प्रश्न बरोबर होता.

पुन्हा करायचं ठरलं. या वेळी तिनं कशालाही हात लावायचा नाही असा नियम झाला, आणि तो तिनंच केला. मैत्रिणीनं नवे हातमोजे घेतले, केस फडक्यात बांधले, टेबल स्पिरिटनं पुसून घेतलं. ही दाराबाहेर स्टुलावर बसून तिथून सूचना द्यायची. आपल्याच प्रयोगातून हद्दपार झालेली. मी तिला न्यायला जायचो तेव्हा व्हरांड्यात शिरण्याआधीच तिचा आवाज ऐकू यायचा: "कोपर टेबलावर नको ठेवू वं. तोंड तिकडं कर, मंग बोल." या वेळीही एक रेघ आली. वेगळ्या जागी, आधीच्यापेक्षाही बारीक. निरोगी रक्तांचेही अर्क मैत्रिणीनं त्याच टेबलावर, त्याच दिवसांत पुन्हा काढले होते. त्यांच्यात ती नव्हती. रेघ हैदराबादला गेली. तिथं रांग होती. थांबा म्हणाले.

त्या उन्हाळ्यात आमच्याकडे पुस्तक नव्हतं आणि सरकवायला पट्टी नव्हती. दुपारी ती कूलरसमोर पडून राहायची. तिच्या पोटात डावीकडं गाठ हाताला लागू लागली होती; पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढली होती. गोळ्या बदलल्या. पावसाळा संपता संपता आजार उलटला.

दवाखान्यात मी रोज संध्याकाळी गेलो की तिचा एकच प्रश्न असे: "आलं का?" मी मान हलवायचो. "आलं तं आधी मले सांगा. हेडले नको," ती म्हणायची. पुढं तिच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं आणि बोलणं कमी झालं, तेव्हा ती नुसत्या भुवया वर करायची. मी म्हणायचो, "नाही आलं वं अजून." तिचे वडील बाजारातून परस्पर दवाखान्यात यायचे. कपड्यांवर भुशाची धूळ असायची. पायथ्याशी उभे राहून तेही माझ्याकडे पाहायचे. मला तेव्हा खोटं बोलता आलं असतं. आलं, आणि कुठंच सापडलं नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण तिनं कागद मागितला असता. ती कागद पाहिल्याशिवाय मानणारी बाई नव्हती.

थंडी पडायच्या आधी ती गेली.

हैदराबादचं पाकीट त्यानंतर आलं. विभागातून शिपाई घरी आणून देऊन गेला. मी ते कपाटात ठेवलं आणि बरेच दिवस त्याच्याकडे पाहिलं नाही. लोक येत होते, वंदना होत होती, बहीण येऊन स्वयंपाक करून जात होती. मग एका रविवारी मी अंघोळ केली, पाकीट फोडलं आणि इंजिनिअरिंग कॉलेजात गेलो.

नवी अक्षरं यंत्रात घातली. त्या दिवशी लाइट एकदाही गेली नाही. टेप पहिल्यापासून शेवटपर्यंत फिरली. मी तिच्या खुर्चीत बसलो होतो आणि सवयीनं मनात घोकत होतो. सापडू नये, सापडू नये. छपाईयंत्र खडखडलं आणि एकच ओळ उमटली: जुळणी नाही. ऑपरेटरला सगळं माहीत होतं. तो उठून उभा राहिला आणि त्याला काय करावं सुचेना, म्हणून त्यानं माझ्याशी हात मिळवला.

मी कागद खिशात घालून घरी आलो. कुलूप काढलं. आत जाऊन, चपला न काढताच, मी मोठ्यानं म्हणालो, "नाही सापडलं वं." इतक्या मोठ्यानं, की शेजारच्या बाई खिडकीत आल्या.

पुढं त्याचं काही झालं नाही. तिच्या रक्ताचा अर्क संपला होता, मैत्रीण बदली होऊन गेली, आणि ती रेघ पुढं न्यायला विभागात कोणी नव्हतं. मला हेही माहीत आहे, की तेव्हाच्या टेपवर माणसाच्या फार थोड्या माळा होत्या. त्यात न सापडणं म्हणजे फार काही नव्हे. मी गणिताचा माणूस आहे. हा हिशेब मला कोणी शिकवायला नको.

माझ्या बहिणीची मुलगी आता याच क्षेत्रात आहे. कॅन्सरच्या पेशींवरच्या खुणा कॉम्प्युटरवर धुंडाळणं, हीच तिची नोकरी. तिच्याकडं माणसाच्या सगळ्या माळा आहेत, एकूण एक, आणि कोणती माळ यकृतात आहे, कोणती मेंदूत, कोणती नुसत्या आजारात, तेही सगळं. अशा खुणांवर सोडलेली औषधं आता खरोखर लोकांना देतात, हे ती मला सांगते तेव्हा मी उठून गच्चीवर जातो. मला आनंद होतो, आणि तो मला सहन होत नाही. तिची मामी अजून काही वर्षं थांबली असती तर, असा विचार करू नये म्हणतात. मी करतो.

पोरगी दर उन्हाळ्यात नागपूरला आली की पाठीस लागते. "मामा, ती दुसऱ्या रेघेची अक्षरं द्या न मले. मिनिटभराचं काम आहे. एकदाचं कळून तं जाईन, काय होतं ते." मला ती अक्षरं तोंडपाठ आहेत. मिनिटभरात ती कुठं ना कुठं सापडतील, एखाद्या आतड्यात, एखाद्या हाडात, आणि मग ते संपलं.

"काहून देत नाही?" ती विचारते.

"थांब न बाई," मी तिला सांगतो. "आम्ही अजून पाहून राहिलो."